माळ्याचे खुरपे आणि पहारेकऱ्याची शिट्टी : उद्यान व मनोरंजन सेवकांच्या व्यावसायिक प्रशिक्षणाची एक चिकित्सा

प्रस्तावना

महानगरपालिकेच्या बहुतेक उद्यानांच्या प्रवेशद्वारापाशी एक फलक असतो. फुले तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, चेंडू खेळू नये, खाद्यपदार्थ आत आणू नयेत, अशी वाक्ये त्यावर रंगविलेली असतात. हा मजकूर वाचून झाल्यावर, मग येथे काय करता येईल, असा प्रश्न एखाद्या मुलाला पडला तर तो कोणाला विचारावा याचा उल्लेख फलकावर नसतो. कारण तसा माणूस उद्यानात नेमलेलाच नसतो. तेथे दोन प्रकारचे सेवक आढळतात. एक माळी, त्याचे तोंड वाफ्याकडे व पाठ लोकांकडे. दुसरा पहारेकरी, त्याचे तोंड लोकांकडे, परंतु ओठांत शिट्टी. झाडांविषयी काही जाणावे अशी पहिल्याकडून अपेक्षा असते. दुसऱ्याकडून लोकांविषयी काही जाणण्याची अपेक्षा नसते, त्यांना केवळ अडविण्याची असते. या दोघांच्या मधल्या जागेत शहरातील असंख्य माणसांची फुरसत रोज येऊन बसते व उठून जाते. ती कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही.

अलीकडच्या काळात ‘प्रशिक्षण’ आणि ‘कौशल्य विकास’ हे शब्द शासकीय व्यवहारात फार सुलभ झाले आहेत. उद्यान विभागाच्या कर्मचाऱ्यांनाही प्रशिक्षण दिले पाहिजे, असे सर्वच जण म्हणतात आणि त्याला कोणी विरोध करीत नाही. ज्या गोष्टीला कोणीच विरोध करीत नाही तिची तपासणी सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा प्रयत्न आहे. किती जणांना प्रशिक्षण मिळाले, हा येथे मुख्य प्रश्न नाही. उद्यानसेवकाचा व्यवसाय कोणता मानून त्याला शिकविले जाते, हा आहे. आपल्याकडील प्रशिक्षणाने वनस्पती हा विषय स्वीकारला आणि माणूस हा विषय पहारेकऱ्याकडे सोपविला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या वाटणीमागे निधीचा अभाव हे एकच कारण नसून एक जुनी श्रमविभागणी आहे.

शब्दांची अडचण

प्रथम शब्दांचा विचार करू. इंग्रजीतील ‘रिक्रिएशन’ या शब्दासाठी मराठीत करमणूक, मनोरंजन, रंजन असे पर्याय रूढ आहेत. मुंबईच्या विकास आराखड्यात ‘मनोरंजन मैदान’ असे आरक्षण असते व ते बोलण्यात ‘आर. जी.’ होते. ‘करमणूक’ हा शब्द मात्र शासनदरबारी दीर्घकाळ कराशी जोडलेला राहिला. मुंबई इलाख्यात १९२३ साली करमणूक शुल्काचा कायदा झाला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर येईपर्यंत चित्रपटाच्या तिकिटावर हे शुल्क आकारले जात असे. म्हणजे करमणूक ही तिकीट काढून विकत घ्यावयाची गोष्ट आणि मनोरंजन हा जमिनीचा एक तुकडा. या दोन अर्थांच्या मध्ये ‘फुरसतीत माणसाने स्वतःहून, इतरांसह काहीतरी करणे’ हा अर्थ हरवला आहे. ज्या कामाला भाषेत धड नाव नाही त्या कामासाठी पद निर्माण होणे कठीण असते.

कायद्यांची भाषाही जमिनीचीच आहे. १९९२ सालच्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. तिच्या १२ व्या नोंदीत उद्याने, बागा व क्रीडांगणे यांसारख्या नागरी सुखसोयींची तरतूद नगरपालिकांच्या कार्यक्षेत्रात ठेवली आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात मात्र उद्याने व क्रीडांगणे ही बाब ऐच्छिक कर्तव्यांत येते. पाणी व मलनिःसारण बंधनकारक, बाग ऐच्छिक. केंद्र शासनाच्या २०१४ च्या नगरविकास मार्गदर्शक तत्त्वांत दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे सुचविले आहे. किती लोकांमागे किती उद्यानसेवक असावेत याचे मोजमाप मात्र आपल्या चर्चेत येत नाही. जागा मोजली जाते, कारण तिला बाजारभाव असतो.

परदेशातील दोन प्रवाह

ज्या देशात या कामाला व्यवसाय म्हणून नाव मिळाले त्या अमेरिकेचा इतिहास या संदर्भात पाहणे आवश्यक ठरते. तेथेही आरंभी दोन स्वतंत्र प्रवाह होते. एक प्रवाह उद्यान अधीक्षकांचा. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड व कॅल्व्हर्ट वॉक्स यांचा आराखडा १८५८ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी निवडला गेला. त्यानंतरच्या अर्धशतकात मोठ्या शहरांतून जी उद्याने उभी राहिली ती सांभाळणाऱ्या अधीक्षकांनी १८९८ साली न्यू इंग्लंड भागात आपली संघटना स्थापन केली. माती, झाडे, रस्ते, तलाव हे त्यांचे क्षेत्र. दुसरा प्रवाह क्रीडांगणांचा. १८८५ साली बोस्टनमध्ये गरीब वस्तीतील मुलांसाठी वाळूचा ढीग टाकून ‘वाळूबागा’ सुरू झाल्या. ही कल्पना बर्लिनहून आली होती. पुढे शिकागोच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लहान उद्याने व त्यांत क्रीडागृहे बांधण्यात आली आणि तेथे खेळ घेणारे पगारी मार्गदर्शक नेमले गेले. १९०६ साली ‘प्लेग्राउंड असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संस्था स्थापन झाली.

या संस्थेने पहिल्या काही वर्षांतच जी गोष्ट केली ती आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. क्लार्क हेदरिंग्टन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमून तिने क्रीडामार्गदर्शकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम तयार करविला. मैदान बांधले आणि साधने बसविली म्हणजे खेळ सुरू होतो ही समजूत चुकीची असून, मुलांचे वय, त्यांची भांडणे, लाजाळू मुलाला खेळात आणण्याची रीत, ऋतू आणि वस्तीचा स्वभाव हे सारे शिकावे लागते, ही त्यामागील धारणा होती. १९२६ साली न्यूयॉर्क येथे पदवीधरांसाठी वर्षभराचे राष्ट्रीय विद्यालयही निघाले. ते १९३५ पर्यंत चालले. अखेरीस १९६५ साली अधीक्षकांची व मनोरंजन कार्यकर्त्यांची संघटना इतर काही संस्थांसह एकत्र येऊन ‘नॅशनल रिक्रिएशन अँड पार्क असोसिएशन’ अस्तित्वात आली. झाडे सांभाळणारे आणि माणसांबरोबर काम करणारे एका छपराखाली यायला साठ-पासष्ट वर्षे लागली, हे ध्यानात घेतले पाहिजे. आज ही संस्था उद्यान व मनोरंजन व्यावसायिकाचे प्रमाणपत्र परीक्षेनंतर देते आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरणासाठी पुढील शिक्षणाचा पुरावा मागते. क्रीडांगण सुरक्षा निरीक्षकाचे प्रमाणपत्र वेगळे असते व त्याची मुदत तीन वर्षांची असते.

तथापि हा इतिहास केवळ गौरवाने सांगण्यासारखा नाही. गॅलन क्रँझ यांनी ‘द पॉलिटिक्स ऑफ पार्क डिझाइन’ या १९८२ च्या ग्रंथात अमेरिकन नागरी उद्यानांचे चार कालखंड मांडले आहेत. एकोणिसाव्या शतकातील रमणीय उद्यान, १९०० ते १९३० पर्यंतचे सुधारणावादी उद्यान, १९६५ पर्यंतची मनोरंजन-सुविधा आणि त्यानंतरची मोकळ्या जागांची व्यवस्था असे ते कालखंड होत. क्रीडामार्गदर्शक हा यांतील दुसऱ्या कालखंडाचे अपत्य आहे. स्थलांतरितांच्या मुलांना शिस्त लावणे, कारखान्यासाठी वक्तशीर व शहरासाठी निरुपद्रवी नागरिक घडविणे हा त्या काळच्या सुधारकांचा उघड हेतू होता. डॉमिनिक कॅव्हॅलो यांच्या ‘मसल्स अँड मॉरल्स’ या १९८१ च्या ग्रंथाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. शिवाय हा सारा व्यवसाय वर्णभेदाच्या सावलीत वाढला. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या उद्यानांत प्रवेश नव्हता आणि राष्ट्रीय संघटनेने कृष्णवर्णीय वस्त्यांतील कामासाठी अर्नेस्ट ॲटवेल यांच्याकडे निराळा विभाग दिला होता. तेव्हा प्रशिक्षित माणूस म्हणजे आपोआप उदार माणूस असे समजण्याचे कारण नाही. शिट्टी जाऊन हसतमुख मार्गदर्शक आला तरी तो शिट्टीचेच काम अधिक गोडीने करू शकतो.

हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. त्या चळवळीने उद्यानात एक असा माणूस कल्पिला की ज्याचे काम माणसांशी होते. त्या माणसाच्या हेतूंविषयी वाद घालता येतो, कारण तो माणूस आहे. आपल्याकडे तो वाद संभवतच नाही.

नागपाड्यातून वर्गात

आपल्याकडे ही कल्पना आलीच नाही असे मात्र नाही. ती आली, काही काळ राहिली आणि उद्यानाबाहेर निघून गेली. हा वृत्तांत मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे.

प्लेग्राउंड असोसिएशनचे पहिले अध्यक्ष डॉ. ल्यूथर गुलिक हे त्यापूर्वी स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात शारीरिक शिक्षणाचे प्रमुख होते. हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ शोधण्याचे काम त्यांनी जेम्स नेस्मिथ यांना दिले आणि १८९१ साली बास्केटबॉल जन्माला आला. त्याच परंपरेतील हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे विद्यालय सुरू केले. मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहूड हाउस’ ही संस्था १९२७ साली उघडली. दाट वस्तीच्या, गिरणी व गोदी कामगारांच्या मुंबईत वस्तीचेच म्हणून एक घर असावे, तेथे वाचनालय असावे, आरोग्यसेवा असावी, खेळायला मैदान असावे आणि हे सारे चालविणारी माणसे असावीत, अशी ती कल्पना होती. भारताच्या बास्केटबॉल संघाचे कर्णधार व १९७० सालच्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर हे याच नागपाड्याचे होत. एका मोहल्ल्यात एक परका खेळ पिढ्यान्‌पिढ्या रुजतो तो केवळ खांबाला लावलेल्या कड्यामुळे नव्हे.

वस्तीत काम करण्यासाठी शिकविलेली माणसे मिळत नाहीत हा अनुभव मॅनशार्ट यांना नागपाड्यातच आला. त्यातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था नागपाड्यातच सुरू झाली व मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. १९४४ पासून तीच टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. म्हणजे भारतातील समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाची मुळे ज्या घरात आहेत त्या घराला मैदान होते. परंतु पुढे समाजकार्याचे शिक्षण रुग्णालय, कारखाना, कारागृह, कुटुंब, समुदाय या दिशांनी विस्तारले. शारीरिक शिक्षणाचे पदवीधर शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर गेले. उद्यानविद्येचे पदवीधर कृषी विद्यापीठांतून निघाले आणि उद्यान विभागात अधिकारी झाले. सार्वजनिक उद्यानाला या तिघांपैकी फक्त तिसरा मिळाला. पहिल्या दोघांसाठी तेथे पदच नव्हते. ज्या तीन विद्याशाखा एकाच बाकावर बसू शकल्या असत्या त्या तीन इमारतींत विभागल्या गेल्या. बहुविद्याशाखीय नियतकालिकातच ही तक्रार नोंदवावी लागते, हे त्यातल्या त्यात बरे.

माळ्याचे ज्ञान

आता माळ्याकडे वळू. ‘प्रशिक्षण’ हा शब्द उच्चारताना आपण गृहीत धरतो की ज्याला शिकवायचे तो अज्ञानी आहे. उद्यानाच्या बाबतीत हे गृहीतक ऐतिहासिकदृष्ट्या खोटे आहे. महाराष्ट्रात बागाईत हे ज्ञान जातीच्या चाकोरीतून वाहत आले. महात्मा फुले यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या कामावरून ते फुले झाले, हे सर्वश्रुत आहे. एका घराण्याचे कसब त्याचे आडनाव होते, पण त्या कसबाला विद्येची प्रतिष्ठा मिळत नाही, ही गोष्ट त्या आडनावातच लिहिलेली आहे.

संस्थानी व ब्रिटिश काळात या विसंगतीला संस्थात्मक रूप आले. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९३ साली गुस्ताव क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ आले. ते इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानात काम करून आलेले होते व पुढे बंगळूरच्या लालबागेचे अधीक्षक झाले. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. पण तो साचा पाहण्यासारखा आहे. अधीक्षक क्यूचा आणि माळी गावचा. अधीक्षकाचे ज्ञान लॅटिन नावांत व नोंदवहीत, माळ्याचे ज्ञान बोटांत. पहिल्याला पदोन्नती, दुसऱ्याला हजेरी. स्वातंत्र्यानंतर अधीक्षक भारतीय झाला, क्यूच्या जागी कृषी पदवी आली आणि साचा तसाच राहिला.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना घेऊन प्रस्तुत लेखक काही वर्षांपूर्वी एका उद्यानात श्रमदानासाठी गेला होता. विद्यार्थी उत्साहाने गुलाबांची छाटणी करू लागले तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका माळ्याने त्यांच्या हातून कात्री काढून घेतली. बाहेरच्या अंगाला तोंड असलेला डोळा निवडावा, त्याच्या किंचित वर तिरका काप द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही व फांदी मोकळ्या हवेत वाढते, हे त्याने एका वाक्यात आणि तीन कापांत दाखविले. विद्यार्थी गप्प झाले. हे कोठे शिकलात, असे विचारता तो म्हणाला, “वडलांकडं शिकलो, सर. पालिकेनं शिकवलं ते मस्टरवर सही करायला.” नंतर त्याने एका कार्यशाळेविषयी सांगितले. एका सभागृहात दिवसभर पडद्यावर चित्रे दाखविली गेली, शब्द बहुतेक इंग्रजी होते, दुपारचे जेवण चांगले होते आणि जाताना पिशवीसह प्रमाणपत्र मिळाले. ते प्रमाणपत्र त्याने घरी लावले होते. त्याचा उपयोग काय, या प्रश्नावर तो हसला. त्याच्या मुलाने हे काम घेतलेले नाही, घ्यावे अशी त्याची इच्छाही नाही.

हे शेवटचे वाक्य दुःखाने नोंदवावे की समाधानाने, याचा निर्णय लेखकाला करता आलेला नाही. जातीची चाकोरी मोडली ही इष्टच गोष्ट आहे. परंतु चाकोरी मोडताना तिच्यातून वाहणारे ज्ञान झेलण्यासाठी जे भांडे हवे होते ते आपण तयार केले नाही. व्यावसायिक प्रशिक्षणाचे खरे समर्थन येथे आहे. जन्माने मिळणारे कसब कोणालाही शिकून मिळावे आणि शिकविणाऱ्यांत त्या माळ्याचे नाव असावे, हे त्या समर्थनाचे दोन भाग आहेत. आपल्या कार्यशाळांत पहिला भाग अर्धवट असतो व दुसरा नसतोच.

अभ्यासक्रमांतील रिकामी जागा

राज्यात अभ्यासक्रम नाहीत असे नाही. कृषी विद्यापीठांच्या केंद्रांतून माळी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम चालत आला आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत उद्यानविद्या व पुष्पसंवर्धनाचे व्यवसाय आहेत, कौशल्य विकासाच्या योजनांत माळीकामाची स्वतंत्र श्रेणी आहे. रोपवाटिका, माती, खत, कलमे, हिरवळ, कीडनियंत्रण, अवजारे हे विषय त्यांत येतात आणि ते आवश्यकच आहेत. हे अभ्यासक्रम घरगुती बाग, कंपनीचे आवार, रोपवाटिका व सार्वजनिक उद्यान यांत मूलभूत भेद करीत नाहीत, ही त्यांची मर्यादा आहे. कंपनीच्या आवारात हिरवळ हेच उद्दिष्ट असते. सार्वजनिक उद्यानात हिरवळीवर बसणारा माणूस हे उद्दिष्ट असते व हिरवळ हे साधन असते.

एक साधे उदाहरण घेऊ. घसरगुंडी, झोपाळे, चढण्याच्या जाळ्या यांची देखभाल कोणाची? स्थापत्य विभाग बसवितो, ठेकेदार रंग देतो, माळी त्याभोवतीचे गवत काढतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सार्वजनिक क्रीडांगणांसाठी हस्तपुस्तिका प्रथम १९८१ साली काढली. तिच्या पुढील आवृत्त्यांत एक नियम आहे. साधनातील कोणतीही बंदिस्त फट साडेतीन इंचांहून मोठी व नऊ इंचांहून लहान नसावी. कारण अशा फटीतून लहान मुलाचे शरीर जाते आणि डोके अडकते. साधनाभोवती किमान सहा फूट मोकळी जागा असावी व त्याखाली काँक्रीट किंवा डांबर नसावे, असेही तीत सांगितले आहे. हे समजण्यास पदवी लागत नाही. दोन लाकडी ठोकळे व एक मोजपट्टी पुरते. जो माळी रोज सकाळी त्या साधनापाशी खुरपे घेऊन बसतो त्याला ही तपासणी एका दुपारी शिकविता येईल. पण त्यानंतर सैल झालेल्या साखळीची नोंद त्याने कोठे करावी आणि त्याच्या नोंदीवरून झोपाळा बंद ठेवण्याचा अधिकार कोणाला, हे ठरलेले नसेल तर शिकवूनही उपयोग नाही. प्रशिक्षणाला अधिकाराची जोड नसली की ते उपदेश होते.

दुसरे उदाहरण पुण्याचे. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हे जपानमधील ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचले असून ते २००६ साली खुले झाले. मूळ कोराकुएन १७०० सालाच्या सुमारास पूर्ण झालेले आहे. जपानी बागेत दगड, पाणी आणि छाटलेली झुडपे यांचा तोल असतो व तो दरवर्षी कात्रीनेच राखावा लागतो. त्यामुळे आराखडा आणला तरी बाग येत नाही, कात्री धरणारा हातही आणावा किंवा घडवावा लागतो. जपानमध्ये बागकामाच्या कौशल्याची शासकीय परीक्षा आहे. तिच्या तीन श्रेणी असून वरची श्रेणी गाठण्यास अनुभवाची वर्षे मोजली जातात. कसब बापाकडून आले की शाळेतून, हे ती परीक्षा विचारत नाही, हात काय करतो ते पाहते. आपल्या माळ्यासाठी अशी श्रेणी असती तर छाटणी शिकविणारा तो माणूस निवृत्तीच्या वेळी कोणत्या श्रेणीत असता?

श्रेणीचा प्रश्न नोकरीच्या स्वरूपाशी जोडलेला आहे. उद्यानांची देखभाल आज अनेक ठिकाणी ठेकेदारीने चालते. खुरपणी करणाऱ्या स्त्रिया रोजंदारीवर असतात आणि ठेका बदलला की माणसे बदलतात. ठेकेदार प्रशिक्षणावर खर्च करीत नाही, कारण शिकलेला माणूस पुढच्या ठेकेदाराकडे जाईल. पालिका करीत नाही, कारण तो माणूस तिचा नाही. तो माणूस स्वतः करीत नाही, कारण शिकल्याने त्याचा रोज वाढत नाही. तिघेही आपापल्या जागी व्यवहारी आहेत. केंद्राच्या ‘अमृत’ योजनेत २०१५ पासून हरित जागा व बालस्नेही उद्यानांसाठी तरतूद झाली. त्यातून उद्याने उभी राहिली, हे चांगलेच झाले. पण निधी बांधकामाला मिळतो व उद्यान बांधून झाल्यावर सुरू होते, या साध्या कालक्रमाचा विचार निविदेत मावत नाही. म्हणून प्रशिक्षणाची मागणी करणाऱ्यांनी आधी पदाची मागणी करावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पद नसताना दिलेले प्रशिक्षण हे पाण्याविना काढलेल्या आळ्यासारखे आहे. आळे सुबक दिसते एवढेच.

वेळेचा प्रश्न

या चर्चेत सहसा न येणारी एक बाब शेवटी मांडावयाची आहे. ती अगदी किरकोळ वाटेल. प्रस्तुत लेखकाच्या शहरातील उद्याने सकाळी उघडतात, दुपारी बंद असतात व चारच्या सुमारास पुन्हा उघडतात. माळ्यांची पाळी सकाळी सुरू होऊन दुपारी संपते. झाडांच्या दृष्टीने ही वेळ योग्यच आहे. पाणी, खुरपणी, छाटणी ही कामे उन्हाआधी झालेली बरी. परंतु याचा परिणाम असा की मुले, कामावरून परतणारी माणसे, घरातून तासभर सुटका मिळालेल्या स्त्रिया उद्यानात येतात तेव्हा माळी गेलेला असतो आणि केवळ पहारेकरी असतो. ज्याला झाडांची नावे येतात त्याची व ज्यांना ती विचारावीशी वाटतात त्यांची गाठच पडत नाही. किशोरवयीन मुलींचा एखादा गट मैदानाच्या कडेला उभा राहून मुलांचा क्रिकेटचा खेळ संपण्याची वाट पाहतो, तो संपत नाही आणि अंधार पडतो. मैदान वाटून देण्याचे काम पहारेकऱ्याचे नाही. त्याला विचारले तर तो दोघांनाही बाहेर काढील. त्याला तेवढेच सांगितलेले आहे.

म्हणून उद्यानसेवकांच्या प्रशिक्षणाचा कोणताही अभ्यासक्रम आखताना त्याचा पहिला तास सभागृहात न घेता संध्याकाळी साडेपाच वाजता उद्यानात घ्यावा, अशी सूचना करावीशी वाटते. माळी, पहारेकरी, खुरपणी करणाऱ्या स्त्रिया व उद्यान अधिकारी यांनी त्या तासाला एका बाकावर बसून कोण कोठे बसते, कोण उभेच राहते, कोण फाटकापर्यंत येऊन परत जाते, एवढेच पाहावे व लिहून ठेवावे. त्या तासाचा रोज मात्र खुरपणी करणाऱ्या स्त्रियांना मिळाला पाहिजे. त्यांची पाळी तोवर संपलेली असते आणि घरी स्वयंपाक व्हायचा असतो.